पालथे घातलेले कागद

वाचून झालं की चाचा कागद पालथे घालायचे. वर चष्म्याचं घर ठेवायचे, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं एखादं पान उलटून चुगली करायला नको. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणायचे, "हां. अब सुनो."

आणि माझीच गोष्ट मला सांगायला लागायचे.

तुम्ही कधी काही लिहून कुणाला वाचायला दिलं असेल, तर लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. "छान आहे" म्हणतात. "जरा लांबलंय" म्हणतात. "माझ्या मेव्हण्यालाही लिहायची फार आवड" असं म्हणून मेव्हण्याबद्दल अर्धा तास बोलतात. चाचा यातलं काही म्हणत नसत. त्यांना जे आठवलं तेवढं ते सांगायचे, आणि जे आठवलं नाही त्याचा विषयच काढायचे नाहीत. ऐकता ऐकता आपल्याला कळत जायचं की आपण रात्रंदिवस खपून लिहिलेलं एक अख्खं प्रकरण या माणसाच्या डोक्यातून सरळ निघून गेलं आहे.

शहागंजच्या मागच्या एका गल्लीत माझ्या मावशीचं घर होतं आणि त्याला लागून चाचांचं. मी गंगापूरहून नोकरीसाठी शहरात आले आणि मावशीकडे राहिले. रोज बसनं चिकलठाण्याला जायचं, एका कारखान्याच्या ऑफिसात पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी येऊन कादंबरी लिहायची, असं माझं चाललं होतं. कादंबरी एका शहराची होती. ते शहर कुठेच नव्हतं. त्याला तट होता, तटाला दरवाजे होते आणि ते दरवाजे रोज रात्री आपली जागा बदलायचे. सकाळी बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळी कुठल्या दरवाजातून आत शिरलं म्हणजे आपली गल्ली सापडेल, याचा भरवसा नसे.

त्या काळी आमच्याकडे लिहिणारे-वाचणारे लोक दर महिन्याला एका वाचनालयात जमायचे. तिथं मी पहिलं प्रकरण वाचलं. एकानं विचारलं, "या शहराचा जिल्हा कोणता?" दुसऱ्यानं सांगितलं, "ताई, तुम्ही गंगापूरच्या. दुष्काळाचं लिहा, अनुभवाचं लिहा. हे दरवाजे कशाला हलवता?" मी घरी आले ती धुसफुसतच. भाकरी थापता थापता मावशी म्हणाली, "अगं, शेजारचे भाईसाहेब लई वाचत असतात. त्यांना दाव की. नाय आवडलं तर नाय म्हणतील, खातील का तुला?"

चाचा कचेरीत नक्कलनवीस होते, म्हणजे जुन्या कागदांच्या नकला उतरवायचं काम. तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेल्यावर कचेरीचं काम हळूहळू मराठीत आलं, तेव्हा हा संसारी माणूस मुलीच्या पाटीवर बाराखडी गिरवायला बसला. "मी आन् माझी पोरगी एकाच वर्गात होतो," ते सांगायचे. "ती पुढं गेली. मी तिथंच राह्यलो."

त्यामुळे मराठी ते फार सावकाश वाचायचे. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, मध्येच थांबून छताकडे बघतायत. पहिल्यांदा मला वाटलं, संपलं, यांना यातलं काय कळणार. माझ्या मनातलं त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "मी सावकाश वाचतो बेटी, म्हणून कंटाळा मला लवकर कळतो. भरभर वाचणाऱ्याला तुम्ही फसवू शकता."

पहिल्या प्रकरणात एका महालाचं वर्णन होतं. पानंच्या पानं. संगमरवर, कारंजी, मोराच्या पिसांचे पडदे, मी काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. चाचांनी कागद पालथे घातले आणि गोष्ट सांगितली. तिच्यात बांगड्या विकणारा एक माणूस होता, त्याचा हरवलेला दरवाजा होता, तटावर बसून दात कोरणारा पहारेकरी होता. महाल नव्हता.

"आणि महाल?" मी विचारलं.

"कोनता महाल?"

"सहा पानं आहेत की चाचा!"

"असतील. मला दिसला नाय."

मला असा राग आला म्हणून सांगू! माझ्या मनात आलं, मराठी धड वाचता येत नाही आणि चालले माझा महाल पाडायला. तो आठवडा मी त्यांच्या घरावरून जाताना मान वर केली नाही. मग एका रविवारी गुपचूप ती सहा पानं काढून प्रकरण वाचून बघितलं. महालावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पुढच्या रविवारी कागद घेऊन मी त्यांच्या ओट्यावर हजर.

काल्पनिक शहराचं त्यांना काही म्हणजे काही वावडं नव्हतं. त्यांच्या लहानपणी घरी एक बुजुर्ग दास्तान सांगायला यायचे. एकेक किस्सा महिनामहिना चालायचा. परी, राक्षस, जादूचे किल्ले, सगळं त्यांनी आईच्या मांडीवर पेंगत ऐकलं होतं. त्यामुळे दरवाजे हलतात हे त्यांनी पहिल्या ओळीतच मान्य करून टाकलं. त्यांचे प्रश्न तिथून पुढे सुरू व्हायचे.

"दरवाजे सरकतात. बहोत खूब. मंग दूधवाला कुठून येतो?"

"कोण दूधवाला?"

"शहर हाये, त्यात लेकरं हायेत, लेकरं दूध पितात. दूधवाला गवळीवाड्यातून येतो, गवळीवाडा तटाच्या बाहेर. मंग सकाळी त्याला दरवाजा कसा घावतो?"

मी म्हटलं, "चाचा, ही कल्पनेतली गोष्ट आहे."

"म्हनून तर विचारतोय. खऱ्या शहरातला दूधवाला कुठून येतो ते मला ठावं हाये. जादू एकदाच सांगायची असती बेटी. मंग रोजचं सांगायचं."

त्या दूधवाल्यानं मला पुरतं सतावलं. ऑफिसात पत्र टाइप करताना मी त्याचाच विचार करायची, आणि एकदा तर साहेबांच्या पत्रात 'विनम्र' ऐवजी 'गवळी' टाइप केलं. शेवटी मला सुचलं की त्याच्याजवळ एक शेळी असावी आणि तिला दरवाजाचा वास येत असावा. शेळी पुढे, दूधवाला मागे. चाचांनी ती पानं पालथी घातली, सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, "ही शेळी मी सूनबाईला वाचून दाखवली." त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. आजही मला कुणी वाचक भेटला की तो कादंबरीतल्या माणसांची चौकशी न करता शेळीची करतो.

असे किती प्रसंग सांगू! माझ्या नायकाचं नाव मी वज्रकेतू ठेवलं होतं. चाचा म्हणाले, "नाव असं ठेव की त्याच्या आईला गल्लीतून हाक मारता आली पायजे." वज्रकेतूचा गोमा झाला आणि लगेच माणसासारखा चालायबोलायला लागला. एक दुष्ट प्रधान होता, तो प्रत्येक पानावर दुष्टपणाच करायचा. त्याच्याबद्दल चाचांनी एवढंच म्हटलं, "याला एकदा तरी भूक लागू दे." गल्लीतल्या एका गुरुजींनी हे ऐकून त्यांच्याकडे आपली ऐतिहासिक कादंबरी नेली. तिच्यात दर पानाला पाच-पन्नास घोडे दौडत होते. चाचांनी फार अदबीनं विचारलं, "गुरुजी, या जनावरांना पानी कोन पाजतं?" गुरुजी पुन्हा फिरकले नाहीत.

पण कुणाला तोडून बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. लिहिणाऱ्याला हात जोडून आत घेतल्यासारखं ते बोलायचे. दोष सांगितला की "आता तू काय करशील?" असं हमखास विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. स्वतः कधी उत्तर द्यायचे नाहीत. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुम्हीच सांगा ना काय करू!" तर म्हणाले, "माझं शहर नाय ते. मी पाहुना हाये तिथं."

सगळ्यात मोठा बदल त्यांनी करायला लावला तो गोमाच्या बाबतीत. माझ्या पहिल्या खर्ड्यात गोमा तिसऱ्या प्रकरणातच घरी पोचत होता. हरवलेला माणूस मला बघवत नव्हता, असं म्हणा हवं तर. चाचांनी मान हलवली. "नक्को. इतक्या जल्दी घरी नक्को पोचवू. फिरू दे त्याला. घरी पोचलेल्या मानसाची काय गोष्ट असती? हातपाय धुतो, जेवतो, झोपतो." मी गोमाला बाहेर काढलं, आणि तिथून खरी कादंबरी सुरू झाली. बांगड्यांची पेटी खांद्यावर घेऊन तो तटाभोवती फिरतो, एकेका दरवाजातून आत जातो, तिथं त्याला दुसऱ्यांच्या गल्ल्या सापडतात, दुसऱ्यांची दुःखं सापडतात. शेवटी तो तटाला पाठ लावून बाहेरच बसतो, असं मी लिहिलं. त्या शेवटाचा मला फार अभिमान होता. चाचाही खूश झाले. "हां! आता लोकांची झोप उडंल."

मग माझं लग्न झालं आणि मी शहरातच पुंडलिकनगरला राहायला गेले. नोकरी होतीच, घर आलं, पाहुणेरावळे आले. तरी सवड मिळेल तो रविवार मी शहागंजला जायचे. कादंबरी मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली होती. पक्की प्रत करायची, चाचांच्या नजरेखालून घालायची आणि प्रकाशकाकडे पाठवायची असं ठरलं होतं. माझ्या आयुष्यात दुसरं काही असं नव्हतं जे फक्त माझं होतं.

या दुसऱ्या फेरीत चाचांनी गोष्ट सांगताना पुलाचं प्रकरण गाळलं. मला आश्चर्य वाटलं, कारण आधीच्या वेळी त्यांनी ते रंगवून सांगितलं होतं. पण त्यांची पद्धत मला पाठ होती. नाही आठवलं म्हणजे नाही जमलं. बहुधा पुन्हा लिहिताना मीच त्यातली जान घालवली असणार. मी ते काढून टाकलं. पुढच्या खेपेला आंधळ्या सनईवाल्याचं लग्नघर गळालं. तेही काढलं. मग पहारेकऱ्याची बायको गेली, मग तिची बहीण. काढलेली पानं मी ठेवली नाहीत. ती बंबात गेली आणि आमच्या आंघोळीचं पाणी तापलं. नवरा म्हणाला, "ही कादंबरी आहे की एस.टी.? दर थांब्याला माणसं उतरतायत." मी त्याच्यावरच खेकसले. "तुला नाही कळायचं. चाचांना दिसतं ते बरोबर असतं."

आणि मग एका रविवारी चाचांनी कागद पालथे घातले, चष्म्याचं घर ठेवलं, म्हणाले, "हां. अब सुनो," आणि गप्प बसले.

मी वाट बघत राहिले. ते छताकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी गोष्ट सुरू केली, पण ती माझी नव्हती. कुठल्याशा शहजाद्याची, काळ्या घोड्याची, लहानपणी ऐकलेली असावी. फार सुंदर सांगितली. संपल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "ठीक हाये ना?" त्या विचारण्यात असं काही होतं की मी पटकन "हो" म्हणून गेले.

कागद घेऊन निघाले तर सूनबाई दारापर्यंत आल्या. मी त्यांना भाभी म्हणायचे, त्या मला बाजी, म्हणजे ताई. त्यांनी मागे वळून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाजी, तुमकू मालूम है ना?"

मला काहीच मालूम नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. चाचा नमाजला म्हणून जातात आणि परत यायचं विसरतात. परवा एका रिक्षावाल्यानं त्यांना रोशनगेटजवळून आणलं. तिथं ते जुन्या तटाच्या दरवाजाला हात लावून उभे होते. कितीतरी महिने हे चाललंय. "हमकू लगा, तुम तो जानते होंगे. तुमीच तर त्यांचं इतकं ऐकत बसता." आणि मग म्हणाल्या, "तुम्ही येनार असला की सकाळपासनं तुमचे कागद घेऊन बसतात. पोरं शाळेचा धडा घोकतात ना, तसं घोकतात. बोलते, बेटी आनेवाली है, उसकू सुनाना है."

मी बसमध्ये बसले आणि पुंडलिकनगर येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का म्हणून. मी म्हटलं, "नाही हो, आहेत."

ते दिवस वाईट गेले. एकीकडे चाचांसाठी जीव तुटत होता, आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, माझी कादंबरी डोळ्यांपुढे नाचत होती. पूल वाईट म्हणून गळाला होता की चाचांच्या हातून निसटला होता? सनईवाला? ते मला आता कोण सांगणार होतं? कितीएक वर्षं मी एकाच माणसाच्या आठवणीवर विसंबून लिहीत आले होते, आणि आता तीच उरली नव्हती. शेवटी मी जे आठवेल ते पुन्हा लिहायला बसले. पूल आला, चांगला आला. सनईवाला काही केल्या आला नाही. पहारेकऱ्याच्या बायकोची बहीण मात्र मुळातच फुकट होती, असं आता माझं मत आहे.

मावशी म्हणाली, "आता कशाला त्या मानसाला तरास? ऱ्हाऊ दे की." मलाही तसंच वाटलं होतं. पण भाभींनी निरोप पाठवला की ते रविवारी सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसतात आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहतात. मग मी जाऊ लागले. आता कागद त्यांच्या हातात द्यायचे नाहीत, आपणच वाचून दाखवायचे, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं हात पुढे केला. मी म्हटलं, "चाचा, आज मी वाचते. तुम्ही नुसतं ऐका. परत सांगायचं नाही." त्यांचा चेहरा असा खुलला, जसा परीक्षा पुढे ढकलली म्हटल्यावर शाळकरी पोराचा खुलतो.

मग ते मजेत ऐकायला लागले. दर खेपेला गोष्ट त्यांना नवीच असायची. शेळी आली की हसायचे, प्रत्येक वेळी हसायचे. प्रधानाला भूक लागली की "अच्छा झाला" म्हणायचे. मला ते कधी मुलीच्या नावानं हाक मारायचे, कधी नुसतंच बघायचे. मी कोण हे त्यांना सांगत बसायचं मी सोडून दिलं. कुणीतरी गोष्ट वाचणारी आहे, एवढं त्यांना पुरत होतं आणि मलाही पुरायला लागलं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी त्यांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ओट्यावर ऊन होतं. भाभी पलीकडे मेथी निवडत होत्या. गोमा तटाला पाठ लावून बसतो, त्या ओळीवर मी थांबले. चाचांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं.

मग म्हणाले, "कुनी लिहिलंय हे?"

"एक बाई आहे, चाचा."

"इथलीच?"

"पुंडलिकनगरची."

"भेटती का तुला?"

"भेटते."

"मंग तिला सांग." ते जरा सरकून बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. "चांगलं लिहिती म्हनावं. पन त्या मानसाला लई वेळ झाला. घरी पोचव म्हनावं त्याला."

तोंडावर आलं होतं माझ्या, की चाचा, तुम्हीच तर सांगितलं होतं, फिरू दे. मी म्हटलं, "सांगते."

"कवा सांगशील?"

"आजच सांगते."

"नक्की सांग. अंधार पडायच्या आत पोचू दे त्याला. घरचे वाट बघत असतील."

भाभींनी मेथी खाली ठेवली. मला काही तिथून उठवेना. कागदावर तर पुढे काही नव्हतं, तेव्हा मी तशीच तोंडी सांगायला लागले. गोमा उठला. पेटी खांद्याला लावली. समोर एक दरवाजा होता, त्यातून आत गेला. आत त्याचीच गल्ली होती. कोपऱ्यावर कडुनिंब होता, त्याच्यापुढे घर होतं.

"उघडं हाये घर?" चाचांनी विचारलं.

"उघडं आहे."

"आत कोन हाये?"

कादंबरीतला गोमा एकटा होता. त्याला मी कुणीच दिलं नव्हतं. मी भाभींकडे बघितलं, त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

"सगळे आहेत, चाचा," मी म्हटलं.

"जागे हायेत?"

"जागे आहेत. जेवायचे थांबलेत."

"हां," ते म्हणाले. "मंग ठीक हाये."

मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गोष्ट ऐकून रडतेय असं त्यांना वाटलं असावं, म्हणाले, "अगं, पोचला ना तो! आता कायकू रोती?"

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी पोचले तोवर त्यांना नेलं होतं. पुरुष अजून परतले नव्हते, ओटा रिकामा होता आणि आत भाभींच्या शेजारी बायका बसल्या होत्या. मीही त्यांच्यात जाऊन बसले.

कादंबरी त्यानंतर छापून आली. गोमा घरी पोचतो, तो शेवट मी त्या दुपारी सांगितला तसाच लिहिला. एका समीक्षकानं पुस्तकाचं बरंच कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं की शेवटचं प्रकरण मात्र कच्चं आणि भाबडं आहे, एकट्या माणसाच्या घरात एकाएकी इतकी माणसं कुठून आली हे समजत नाही, लेखिकेला एखादा चोखंदळ वाचक वेळीच भेटायला हवा होता. त्यांचं म्हणणं मला पटतं. ते प्रकरण कच्चंच आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी विचारलं, शेवट बदलून देता का म्हणून. मी नाही म्हटलं. तो पोचलाय घरी. आता मी त्याला पुन्हा बाहेर काढणार नाही.